आईच्या काळजाचा तुकडा

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तुम्ही ते न फोडताच टोपलीत टाकलं असतं, म्हणून पत्ता खालच्या औषधवाल्याकडून लिहून घेतला आहे. त्याचं अक्षर सुबक आहे आणि तो माणूस तुमच्या ओळखीचा नाही. फोन करून पाहिला, माझा नंबर तुम्ही अडवून ठेवलाय. प्रयोगशाळेच्या पत्त्यावर मेल पाठवला, त्याला यंत्राने लिहिलेलं गोड उत्तर आलं. तेव्हा हा एकच मार्ग उरला.

मी सेलवाला. हे नाव माझ्या लग्नात तुम्हीच ठेवलं होतंत. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. आता दुकानाच्या पाटीवर तेच आहे, आणि जुन्या बॅटऱ्या उघडून नीट करून देणारा माणूस म्हणून लोक मला त्याच नावाने ओळखतात.

तुमची धाकटी बहीण आजारी आहे. आडवळणाने लिहायला जमत नाही, म्हणून लिहून टाकतो. सासूबाईंना होतं तसंच दिसतंय. जिना चढताना मधल्या वळणावर बसते आणि मला म्हणते, "तू हो पुढे, मी जरा भिंतीचा रंग बघते." त्या भिंतीला बघण्यासारखा रंग नाही. घोट्यांवर सूज असते. आडवी झाली की धाप लागते, म्हणून उशा रचून बसल्या बसल्या झोपते. मी पडवीत बॅटरीचं काम काढून बसतो आणि तिचा श्वास ऐकत राहतो.

हृदयाच्या डॉक्टरबाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, "यांचं हृदय मोठं झालंय." मी म्हटलं, "ते पहिल्यापासून मोठंच आहे हो, नाहीतर माझ्याशी लग्न केलं असतं का?" धाकटी हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का. मी सासूबाईंचं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की त्या गेल्यावर त्यांच्या हृदयाचा तुकडा त्यांच्या थोरल्या मुलीने तपासायला नेला आहे आणि ती याच विषयातली संशोधक आहे. डॉक्टरबाई खुर्चीतून पुढे सरकल्या. "मग त्यात काय सापडलं?"

ताई, काय सापडलं? तेवढंच कळवा. माझ्यासाठी नको, मी तुमचा कुणी नाही.

हे पत्र लिहितोय हे धाकटीला माहीत नाही. पूर्वी तुमचं नाव निघालं की ती खोलीतून उठून जायची. हल्ली उठवत नाही, म्हणून डोळे मिटून घेते. बाकी तिचं सगळं नीट चाललं आहे. औषधं वेळेवर, मीठ कमी, जेवण हलकं. त्या बाबतीत निर्धास्त असा.

लोभ असावा अशी मागणी नाही. उत्तर असावं.

सेलवाला


१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. टपाल रखडलं असेल अशी मी माझी समजूत घातली आहे. ती फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे बारीक कण ठासून भरलेले असतात, त्यांचं नाव मायटोकाँड्रिया. माझी जीभ त्यावर अडखळते. तुमच्या वर्तमानपत्रातल्या लेखातला 'तंतुकणिका' हा शब्द बरा आहे, पण मी मनातल्या मनात त्यांना सेलच म्हणतो. हे सेल वापरून वापरून खराब होतात. धड पेशी त्यातला खराब सेल ओळखते, त्याच्यावर खूण करते, त्याला गिळून टाकते आणि जागी नवा बनवते. आमच्या दुकानात हेच चालतं. मीटर लावायचा, जो सेल बसलाय त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि तो बॅटरीच्या पॅकमधून बाहेर काढायचा. ठेवला तर तो तापतो आणि शेजारच्या चांगल्या सेलचंही वाटोळं करतो. धाकटीच्या हृदयात असंच काही बिनसलं असावं असा डॉक्टरबाईंना संशय आहे. ठिपका पडत नसेल, किंवा पडूनही कुणी उचलत नसेल. नेमकं काय, ते बाहेरून कळत नाही.

ते का कळायला हवं, तेही सांगतो. औषधांनी आता फार काळ निभणार नाही. बदली हृदय मिळणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घालायचं आहे. पण दोष फक्त हृदयात आहे की सगळ्या अंगात पसरलाय, हे ठरल्याशिवाय त्यांची समिती नाव घेत नाही. नुसतं रक्त तपासून भागलं नाही. मानेच्या शिरेतून बारीक तार आत घालून हृदयाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढावा लागेल.

धाकटीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आईचं कापून नेलं तेवढं पुरे झालं. माझं कुणी कापायचं नाही."

मी विनवण्या केल्या, चिडलो, जेवणाचं ताट ढकललं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. तुमच्या घराण्याचा हट्ट तुम्हाला मी काय सांगू?

सासूबाई गेल्या त्या दिवशीचं मला अजून लख्ख आठवतं. धाकटी आईचे कपडे आणायला घरी गेली होती. परत आली तोवर तुम्ही एकटीने सही करून मोकळ्या झाला होतात आणि तुकड्याचा डबा बर्फात बसला होता. तुम्ही म्हणालात, "यातून कळेल आई कशाने गेली." ती म्हणाली, "आई गेली हे मला कळलंय." त्यानंतर तुम्ही दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. सासूबाई तुम्हा दोघींनाही काळजाचा तुकडा म्हणायच्या, आणि मोठा तुकडा कुणाचा यावरून लहानपणी झिंज्या ओढण्यापर्यंत मजल जायची, हे मला धाकटीनेच हसून हसून सांगितलं होतं. आता तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

कोण चूक आणि कोण बरोबर, ते तुमचं तुम्ही बघा. मला दोहोंपैकी एक हवं आहे. सासूबाईंच्या तुकड्यात जे सापडलं ते कळवा. दोष तोच निघाला तर हिला कदाचित हात लावावा लागणार नाही. नाहीतर या आणि हिची समजूत घाला. माझं ती ऐकत नाही.

आणखी एक सांगायचं होतं, पण राहू दे.

सेलवाला


१९ फेब्रुवारी

ताई,

धाकटी हॉस्पिटलात आहे. न्हाणीघरात पडली. मी दार फोडून आत गेलो तेव्हा ओठ निळे पडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, पण मी कोण ते तिला उमगत नव्हतं. आता शुद्धीवर आहे. नाकात नळी आहे, आवाज बारीक झालाय.

मागच्या पत्रात राहू दे म्हणालो ते आता लिहितो. जेवण हलकं ठेवलंय असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी तिला उपाशी ठेवत होतो.

तुमचा लेख, रविवारच्या पुरवणीत आलेला. तुमचं नाव न काढणाऱ्या तुमच्या बहिणीने तो कपाटात कपड्यांखाली घडी घालून ठेवला होता. तिचा शालू-बिलू काही नाही तिथे, फक्त तो कागद. मी तो काढून वाचला. त्यात तुम्ही लिहिलं आहे, "पेशी भुकेली राहिली की आधी आपलं घर झाडते, खराब झालेल्या तंतुकणिका खाऊन टाकते." ते वाक्य वाचून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे एखादा पॅक नीट चालेनासा झाला, मीटर खोटं बोलायला लागला, की आम्ही त्याला एकदा पार रिकामा करतो आणि मग पुन्हा भरतो. बरेचदा तो सुधारतो. मला वाटलं, सापडला उपाय! एवढे शिकलेले डॉक्टर आणि त्यांना एवढं सुचू नये! आधी तिचं रात्रीचं जेवण बंद केलं, मग सकाळचंही लांबवत नेलं. डॉक्टरबाईंनी सांगितलंय असं तिला खोटंच सांगितलं. तिने विश्वास ठेवला. भुकेने रडकुंडीला यायची तेव्हा मी तिला म्हणायचो, "धीर धर, आत साफसफाई चालू आहे."

डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन काय बोलल्या ते सगळं लिहवत नाही. मुळात तिच्या हृदयाला शक्ती पुरत नव्हती, त्यात मी जळणच बंद केलं. रिकाम्या पोटी ती औषधं, त्याने रक्तदाबही पार खाली गेला. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला सांगितलं कुणी?" मी तुमचं नाव घेतलं नाही. बॅटरीच्या धंद्यातलं आहे म्हणालो. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

ताई, त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उर्वरित पान सातवर'. पान सात आमच्या घरात नाही. मी सगळं कपाट उपसलं. धाकटीने फक्त पहिलं पान ठेवलं होतं, कारण तुमचा फोटो त्याच पानावर आहे.

पान सातवर काय होतं? मी करत होतो ते करू नका, असं लिहिलं होतं का? लिहिलं नसेल तर तुम्हीही माझ्याबरोबर दोषी आहात. लिहिलं असेल तर मी एकटाच आहे. दोन्हीपैकी जे असेल ते कळवा, मला आता अर्धवट काही सोसवत नाही.

सेलवाला


२६ फेब्रुवारी

ताई,

भांडं फुटलं. औषधवाला धाकटीला भेटायला वॉर्डात आला, आणि मोठ्या प्रेमाने विचारता झाला, "वहिनी, बहिणीला पत्रं पोचली का? पत्ता मीच लिहिला होता, तिन्ही वेळा." मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. त्याला वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलंय, त्याने खिशातून रुमाल काढून दिला.

तो गेल्यावर धाकटीने मला जे काही सुनावलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. श्वास पुरत नव्हता, म्हणून हप्त्याहप्त्याने शिव्या देत होती. मध्ये थांबायची, नळीतून हवा घ्यायची आणि पुन्हा सुरू. शेजारच्या खाटेवरच्या आजी पांघरूण तोंडावर घेऊन हसत होत्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! शिव्या देण्याइतकी ती आहे अजून.

शेवटी भिंतीकडे बघत म्हणाली, "काय म्हणाली?"

"कोण?"

"सोंग करू नकोस. ताई काय म्हणाली?"

मी सांगितलं, काही नाही. उत्तरच आलं नाही. ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं. ताई, मी तिला बेशुद्ध पाहिली आहे, पण तिचा चेहरा तेव्हाही इतका पडलेला नव्हता.

तुम्ही दगड आहात का? लेखातल्या फोटोत तर हसताय. समिती पुढच्या महिन्यात बसणार आहे आणि कागदावर 'कारण' या शब्दापुढे जागा कोरी आहे. ती तुकडा देत नाही, तुम्ही तुकड्याची खबर देत नाही, आणि मधल्या मधे माझी बायको संपत चालली आहे. मी काय करू सांगा. तुमच्या दारात येऊन डोकं आपटू? येईन. पण तिला एकटी टाकून निघवत नाही, आमच्या घरात आम्ही दोघंच आहोत.

माझा तुमच्यावर राग आहे आणि मी तुमच्या पाया पडतो आहे. दोन्ही एकदमच वाचा.

सेलवाला


७ मार्च

ताई,

तुमचं पाकीट पोचलं. आत पान सात, आणि त्याच्या समासात पेनने लिहिलेल्या दोन ओळी. पत्र म्हणून काही नाहीच.

आधी पान सातचं सांगतो. ते मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. "हे प्रयोग निरोगी उंदरांवर झालेले आहेत. ज्यांचं हृदय आधीच दुबळं आहे त्यांनी उपासमार करून घेणं जिवावर बेतू शकतं." स्पष्ट लिहिलं आहे तुम्ही. म्हणजे मी एकटाच. ठीक आहे, ते माझ्या पदरात पडलं.

मग समासातल्या ओळी वाचल्या. "आईचा डबा मी अजून उघडलेला नाही. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये तसाच आहे. धीर झाला नाही."

ताई, मी त्या बाकावरून उठून जिन्यात गेलो आणि भिंतीवर बुक्की मारली. मग नेलात कशाला? इतकी वर्षं या एका डब्यापायी माझी बायको आतल्या आत जळत राहिली, तिला स्वप्नात तुम्ही हातात सुरी घेऊन दिसायचात, आणि तुम्ही त्याला हातच लावला नाहीत! दुसऱ्यांची हृदयं रोज उघडता ना? त्यांच्यावर लेख लिहिता. आणि जिथे खरी गरज होती तिथे दार लावून बसलात. इकडे मी तुमच्या उत्तराच्या आशेवर दिवस काढत होतो, आणि तिकडे उत्तरच नव्हतं.

हे सगळं तिला सांगू की नको, यावर मी खूप डोकं खाजवलं. पण एक खोटं बोलून तिला न्हाणीघरात पाडलं होतं, दुसरं बोलायची छाती झाली नाही. पान तसंच तिच्या हातात दिलं.

तिने त्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मला वाटलं आता ती फाडणार. तिने अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तिलाही कापवलं नाही रे."

मग रडली. असं रडणं तिला परवडणारं नव्हतं, यंत्र टींटीं करायला लागलं, नर्स धावत आली आणि मलाच ओरडली. नर्सचा हात धरून धाकटी म्हणाली, "डॉक्टरबाईंना बोलवा. माझा तुकडा काढायचाय ना, काढा म्हणावं."

पुढचं ती स्वतः लिहिणार आहे. मला म्हणाली, "तुझी पत्रं पुरे झाली. तू फार लिहितोस."

सेलवाला


८ मार्च

ताई,

लिहिताना दम लागतो. मध्ये अक्षर वाकडं झालं तर तिथे मी थांबले होते असं समज.

उद्या सकाळी काढणार आहेत. धोका आहे म्हणाल्या, थोडा. मी सही केली. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? आईच्या वेळी मी तिथे असते तर तुला सही करू दिली नसती, आणि तू तरीही केली असतीस. ते भांडण नंतर करू. मला ते करायचंय, म्हणून मला जगायचंय. फार जगायचंय, ताई.

डॉक्टरबाई एक तुकडा इथे बघणार आणि एक तुझ्याकडे पाठवणार. बर्फात, डब्यात, तसाच. म्हणाल्या, आईचा आणि माझा शेजारी ठेवून बघितले तरच समितीसमोर ठामपणे बोलता येईल. आणि हे ज्या हातांना जमतं ते हात थोडे आहेत, त्यातला एक तुझा.

तुझंही हृदय तपासून घे. आई आपली एकच होती. जिना चढताना तू भिंतीचा रंग बघायला थांबत असशील तर मला आधी सांग.

सेलवाल्यावर रागावू नकोस. त्याने मला उपाशी ठेवलं ते तुझ्यावर विश्वास ठेवून ठेवलं. आता रोज दुप्पट वाढतो आणि पहिला घास मीच खाल्लाय ना हे बघत बसतो.

तो पुरवणीतला फोटो तुझा चांगला नाही. केस विंचरत जा.

आता एकच. माझा डबा पोचला की आईचाही काढ. रडायचं तर रड, पण काचेवर टिपं पडू देऊ नकोस, तुला दिसायला हवं. खराब सेलवर खूण पडते की नाही बघ. पडत असेल तर तो उचलला का जात नाही ते बघ. आईच्यात आणि माझ्यात एकच आहे का सांग.

लहानपणी आपण कशावरून भांडायचो ते तुला आठवत असेल. उद्या माझा निघणार तो तांदळाच्या कणीएवढा. तुझ्याकडे आईचा आहे. म्हणजे मोठा तुझाच.

घे, हरले मी. आता तरी डबा उघड.

धाकटी